डेमोत होतं ते रेकॉर्डवर का नाही? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की एखादं रॉक गाणं खूप आवडत असेल तर त्याचा डेमोही शोधून ऐका, म्हणजे गाणं कसं घडलं ते कळतं. त्यावर एवढे मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, आणि काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत.

ताई, डेमो म्हणजे नक्की काय? जुन्या अल्बमच्या डिलक्स एडिशनमध्ये हल्ली तेच गाणं चार-पाच वेळा असतं, डेमो, टेक वन, टेक सेव्हन वगैरे. एकच गाणं पाच वेळा ऐकून मिळतं काय? (सांगली)

डेमो म्हणजे गाण्याचा कच्चा खर्डा. बहुतेक वेळा एक गिटार किंवा पियानो, एक आवाज, घरातलंच रेकॉर्डिंग. तो लोकांसाठी नसतोच, तो असतो बँडमधल्या बाकीच्यांना चाल कळावी म्हणून, किंवा प्रोड्यूसरला, म्हणजे रेकॉर्डिंग घडवून आणणाऱ्याला, ऐकवायला, किंवा स्वतःलाच उद्या आठवावं म्हणून. मग स्टुडिओत गेल्यावर जे पुन्हा पुन्हा वाजवतात ते टेक, त्यातल्या चांगल्या टेकवर नंतर जे चढवतात, म्हणजे जादा गिटार, कोरस, तंतुवाद्यं, ते ओव्हरडब, मग सगळ्याचा आवाज एकमेकांत बसवायचा ते मिक्सिंग, आणि शेवटी अख्खा अल्बम एका पातळीवर आणून छापायला तयार करायचा ते मास्टरिंग. झालं, एवढंच.

आता मिळतं काय. मी डेमो ऐकते तेव्हा एकाच गोष्टीकडे लक्ष देते, की यातलं पुढे काय गेलं. काय वाढलं ते तर रेकॉर्डवर ऐकू येतंच हो, पण काय टाकून दिलं ते फक्त डेमोत सापडतं, आणि माझ्या मते गाणं खरं तिथे घडतं. बीटल्सचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' घ्या. जॉर्ज हॅरिसनने मे १९६८ मध्ये एशरच्या आपल्या घरी त्याचा डेमो केला, मग २५ जुलैला स्टुडिओत साध्या अकूस्टिक गिटारवर एक टेक झाला, आणि सप्टेंबरमध्ये ते पुन्हा नव्याने पूर्ण बँडबरोबर केलं, ६ सप्टेंबरला एरिक क्लॅप्टनने येऊन त्यावर लीड गिटार वाजवली. जुलैच्या टेकमध्ये शेवटी एक जादा कडवं आहे, सुंदर आहे, ते पक्क्या गाण्यात नाही. आता दोन्ही लागोपाठ ऐका, म्हणजे लक्षात येईल की गाण्यात शेवटी जिथे ते कडवं होतं तिथे आता क्लॅप्टनची गिटार आहे, जे शब्दांनी सांगायचं होतं ते तारांनी सांगितलंय. मला ते कडवं गेल्याचं वाईट वाटतं, पण दोन्ही एकाच गाण्यात मावली नसती असंही वाटतं.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'मध्ये एका मिनिटानंतर काहीतरी बदलतं असं मला कॉलेजपासून वाटतंय, मित्र म्हणतात तुझा भास आहे. खरंच काही आहे का? (पुणे)

भास नाही, तुमचे कान चांगले आहेत. तिथे जोड आहे. पण जोडाआधीचं सगळं सांगितल्याशिवाय मजा नाही, आणि कुणी मला विचारलं की डेमोपासून रेकॉर्डपर्यंतचा प्रवास कळायला एकच गाणं सांगा, तर मी हेच सांगते.

ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी दौरे बंद केले. जॉन लेनन एका सिनेमात काम करायला स्पेनमधल्या आल्मेरियाला गेला, आणि सिनेमाच्या शूटिंगमध्ये वाट बघणंच जास्त, त्या रिकाम्या वेळात त्याने हे गाणं सुरू केलं. लिव्हरपूलला तो मावशीकडे वाढला, त्या घराजवळ सॅल्व्हेशन आर्मीचं मुलांचं घर होतं, त्याचं नाव स्ट्रॉबेरी फील्ड. आल्मेरियातल्या टेपवर नुसती अकूस्टिक गिटार आहे, चाल चाचपडतेय, आपण ज्याला ध्रुपद म्हणू तो भागच अजून नाही. आणि शब्द बघा, आज जिथे तो 'माझ्या झाडावर कुणी नाही' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो तिथे आधी 'माझ्या वेव्हलेंथवर कुणी नाही' अशा अर्थाची ओळ होती. पहिली ओळ सरळ तक्रार आहे, मला कुणी समजून घेत नाही बुवा. झाड आल्यावर तीच गोष्ट एका लहान मुलाच्या तोंडची झाली, उंच जाऊन एकटं बसलेल्या. एका ओळीतला एवढाच बदल, आणि गाण्याचं वय बदललं.

२४ नोव्हेंबर १९६६ ला लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे ज्याला आपण अ‍ॅबी रोड म्हणतो तिथे, पहिला टेक झाला. तो मिळाला तर ऐकाच, १९९६ च्या 'अँथॉलॉजी २' मध्ये आहे. गाणं थेट कडव्यापासून सुरू होतं, ध्रुपद नंतर येतं, आणि एकूण सगळं फार मऊ आहे. त्यात मेलोट्रॉन आहे, म्हणजे असा कीबोर्ड की प्रत्येक पट्टी दाबली की आत एक टेपचा तुकडा फिरतो आणि त्यावर आधीच रेकॉर्ड केलेली बासरी किंवा तंतुवाद्यं वाजतात. काही दिवसांतच त्यांनी हा टेक बाजूला ठेवला, ध्रुपद सुरुवातीला आणलं, त्याच्या आधी मेलोट्रॉनच्या बासरीचा तो आज सगळ्यांना पाठ असलेला तुकडा घातला, आणि २९ नोव्हेंबरपर्यंत टेक सात तयार झाला. दुसरा कुठलाही बँड असता तर इथे थांबला असता, कारण गाणं झालेलं होतं.

लेननचं समाधान झालं नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी गाणं पहिल्यापासून पुन्हा केलं, लय वाढवून, जोरकस ड्रम, उलटी फिरवलेली झांज, आणि प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनने चार ट्रम्पेट आणि तीन चेलो यांचं लिहून दिलेलं वादन. याच भागात कडव्याच्या आधी वरून खाली सांडत येणारे सूर ऐकू येतात ना, ते स्वरमंडल आहे, हॅरिसनने वाजवलेलं. आपल्याकडे गायक मांडीवर घेऊन बसतात तेच. हा झाला टेक सव्वीस.

मग लेनन म्हणाला मला पहिल्याची सुरुवात आवडते आणि दुसऱ्याचा शेवट, दोन्ही जोडा. मार्टिनने सांगितलं की दोन्हींची लय वेगळी आहे आणि पट्टीही वेगळी आहे. लेननचं म्हणणं होतं की तुम्ही कराल काहीतरी. आता गंमत अशी की टेपचा वेग कमी केला की लयही उतरते आणि सूरही उतरतो, दोन्ही एकदम, ती टेपची मर्यादाच आहे. आणि इथे नेमकं जे जलद होतं तेच वरच्या पट्टीत होतं. म्हणजे टेक सव्वीसचा वेग कमी केला आणि टेक सातचा किंचित वाढवला की दोन्ही जवळजवळ एकमेकांवर येऊन बसतात. २२ डिसेंबरला मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमरिक यांनी तो जोड केला, साधारण एक मिनिट झाल्यावर, दुसऱ्या ध्रुपदात. तुम्हाला जो बदल जाणवतो तो हाच, लेननचा आवाज तिथून जड आणि झोपाळल्यासारखा होतो, कारण तो खरंच हळू फिरवलेला आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये सिंगल आलं.

आता माझं मत. तो जोड लपलेला नाही म्हणूनच गाणं मोठं आहे. पहिलं मिनिट आठवण आहे आणि पुढचं सगळं स्वप्न, आणि मधली ती पायरी ऐकू येते. एकाच टेकवर समाधान मानलं असतं तर यातलं एकच मिळालं असतं. मित्रांना हे वाचून दाखवा.

आम्ही एडिसनला राहतो. स्प्रिंगस्टीनने 'नेब्रास्का' इथून जवळच कोल्ट्स नेकमध्ये घरी केला असं ऐकलं. तो अल्बम म्हणजे डेमोच आहेत हे खरं का? आणि मग स्टुडिओची गरजच काय? (न्यू जर्सी)

खरं आहे. जानेवारी १९८२, भाड्याचं घर, टिॲकचं १४४ नावाचं चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज सुटे सुटे घेणारं, कॅसेट मशीन, दोन माइक. असं मशीन बाजारात येऊन तेव्हा तीनेक वर्षंच झाली होती, त्याआधी घरी बसून एकावर एक चार ट्रॅक चढवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण या मशीनमुळे डेमोचा दर्जा एकदम वर गेला आणि डेमो आणि रेकॉर्ड यातली भिंत पातळ झाली. स्प्रिंगस्टीनने दोन ट्रॅकवर गिटार आणि आवाज घेतला, उरलेल्या दोनवर माउथऑर्गन, दुसरा आवाज, असं थोडंथोडं, मग ते सगळं एका एको मशीनमधून घालून साध्या घरगुती टेपरेकॉर्डरवर उतरवलं. हेतू एवढाच की बँडला गाणी शिकवायची. ती कॅसेट तो कव्हरशिवाय पँटच्या खिशात घालून फिरत होता.

मग त्याने आपल्या ई स्ट्रीट बँडबरोबर ही गाणी स्टुडिओत केली. बँड कसला, तर त्या काळातला अमेरिकेतला सगळ्यात कसलेला बँड, आणि तरी ती गाणी बसेनात. माझ्या कानांना कारण असं वाटतं की ही गाणी एकट्या माणसांची आहेत, खुनी, नोकरी गेलेला, रात्री गाडी चालवत पोलिसाला मनातल्या मनात विनवणारा. सहा माणसं मागे उभी राहिली की तो एकटा राहत नाही. शेवटी निर्णय झाला की ती खिशातली कॅसेटच काढायची, आणि सप्टेंबर १९८२ मध्ये ती अल्बम म्हणून आली. कॅसेटवरून एलपी कापायला मास्टरिंगवाल्यांना बराच त्रास झाला, आवाजाची पातळीच कमी होती.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही याच घरात आहे. त्याच काळात त्याच मशीनवर त्याने 'बॉर्न इन द यूएसए'चाही डेमो केला होता, १९९८ च्या 'ट्रॅक्स' संचात तो आहे. व्हिएतनामहून परत आलेल्या माणसाचं गाणं, खाली मान घालून म्हटलेलं. तेच शब्द १९८२ च्या वसंतात बँडने वाजवले, रॉय बिटनची सिंथेसायझरवरची ती धून, मॅक्स वाइनबर्गचा तोफेसारखा स्नेअर, आणि ते पहिल्या काही टेकमध्येच जमलं. १९८४ ला ते आलं आणि जगभर गाजलं, आणि असंख्य लोकांनी ते देशाभिमानाचं गाणं समजून मुठी उंचावल्या. शब्द जवळजवळ तेच, पण वाद्यांनी अर्थावर एवढी सावली टाकली. मला वैयक्तिक बँडवालं रेकॉर्डिंगच जास्त धारदार वाटतं, कारण त्यात कडव्यातला पराभव आणि ध्रुपदातला आवेश एकमेकांशी भांडतात, डेमोत नुसताच पराभव आहे. तर एकाच कॅसेट मशीनवरून निघालेली गाणी, काहींना बँडने मारलं आणि एकाला बँडनेच जन्माला घातलं. स्टुडिओची गरज गाण्यागणिक वेगळी असते, आधी सांगता येत नाही, करूनच बघावं लागतं.

क्वीन बँडच्या 'बोहेमियन रॅप्सडी'चा डेमो का सापडत नाही? फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून विशेष कुतूहल. (सातारा)

पाचगणीचा अभिमान आम्हालाही आहे. पण या गाण्याचा खर्डा मुख्यतः त्याच्या डोक्यातच होता. प्रोड्यूसर रॉय थॉमस बेकर सांगायचा की फ्रेडीने पियानोवर पहिला भाग वाजवून दाखवला, थांबला, आणि म्हणाला आता इथे ऑपेरा येणार. ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत पियानो, बास आणि ड्रमचा पाया घातला तेव्हा मधल्या भागासाठी नुसती जागा सोडलेली होती, आणि ती जागा वाढत गेली. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर, तीन गळे, पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक चढवलेले. चोवीस ट्रॅक भरले की ते मिसळून एकदोन ट्रॅकवर उतरवायचे आणि पुन्हा वर चढवायचं, एवढ्या वेळा टेप फिरली की तिच्यावरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली होती.

शब्द आधी येतात की चाल? आपल्याकडे संगीतकार डमी शब्दांवर चाल देतात, रॉकवाले काय करतात? (डोंबिवली)

तेच करतात. पॉल मॅकार्टनीची 'येस्टरडे'ची चाल आधी तयार होती आणि शब्द होते 'स्क्रॅम्बल्ड एग्ज', म्हणजे आपली अंडा भुर्जी म्हणा. यू-टूचा बोनो डेमोवर कुठल्याच भाषेत नसलेले आवाज काढून गातो, बँडमधल्या लोकांनी त्या भाषेला 'बोंगोलीज' असं नाव ठेवलंय. यात एक फायदा आहे, कुठल्या सुरावर तोंड उघडं पाहिजे आणि कुठे मिटलं पाहिजे हे आधी ठरतं, वरच्या लांब सुरावर 'आ' किंवा 'ओ' आला तर गळा मोकळा होतो, मग शब्द त्या मापाचे शोधायचे.

पण मला यापेक्षा दुसरी एक गोष्ट सांगायचीय. १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींकडे होते, तिथल्या एका प्रवचनावरून लेननने 'चाइल्ड ऑफ नेचर' लिहिलं, सुरुवातच ऋषिकेशच्या रस्त्यावर. परत गेल्यावर हॅरिसनच्या एशरच्या घरी त्याचा डेमो झाला, वर ज्या डेमोंबद्दल लिहिलं त्याच गठ्ठ्यात, २०१८ ला ते सगळे अधिकृतपणे बाहेर आले. गाणं अल्बमवर घेतलं नाही. तीन वर्षांनी, १९७१ च्या 'इमॅजिन'वर तीच चाल आली, शब्द संपूर्ण नवे, नाव 'जेलस गाय'. ऋषिकेश गेलं, डोंगर गेले, आणि त्या जागी एक माणूस आपल्या बायकोची माफी मागतोय. डेमो ऐकताना मला नेहमी जाणवतं की चाल आधीपासूनच माफी मागत होती, ती उतरत येणारी सुरावट निसर्गवर्णनाची नाहीच, शब्दांनाच कळायला तीन वर्षं लागली. म्हणून चांगली चाल फेकू नका, शब्द चुकीचे असतील तर थांबा.

प्रोड्यूसर आणि बाकीचे लोक मिळून गाण्याची वाट लावतात असं मला वाटतं. ज्याचं गाणं त्यालाच करू द्यावं ना? (पर्वरी, गोवा)

नाही पटत मला, आणि दोन पुरावे देते.

पहिला डोळ्यांनी बघता येतो. जून १९६८ मध्ये रोलिंग स्टोन्स लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत 'सिंपथी फॉर द डेव्हिल' करत होते आणि फ्रेंच दिग्दर्शक गोदार कॅमेरा घेऊन आत बसला होता. सिनेमात दिसतं की गाणं सुरू होतं ते मिक जॅगरच्या अकूस्टिक गिटारवर, संथ, लोकगीतासारखं, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणं. ते लोक तासन्तास वाजवत राहतात, काही केल्या उठत नाही. मग कीथ रिचर्ड्स बास हातात घेतो, रॉकी डिजॉन कोंगा वाजवायला येतो, लय सांबाची होते, निकी हॉपकिन्सचा पियानो त्यात शिरतो, मागे ते 'हू हू' सुरू होतं, आणि सैतान नाचायला लागतो. शब्द जॅगरचे, पण गाणं उभं राहिलं ते खोलीतल्या सगळ्यांमुळे. बाहेरचं जगही आत आलं, त्याच दिवसांत रॉबर्ट केनेडींची हत्या झाली आणि केनेडींना कुणी मारलं या ओळीतला एक केनेडी अनेकवचनी झाला.

दुसरा निर्वाणा या बँडचा. कर्ट कोबेनने 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'ची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, आणली तेव्हा बासवाला क्रिस्ट नोव्होसेलिच म्हणाला हे काय हास्यास्पद आहे. कोबेनने सगळ्यांना दीड तास तेच वाजवायला लावलं, आणि वाजवता वाजवता नोव्होसेलिचनेच सुचवलं की कडव्यात जरा हळू घेऊया, डेव्ह ग्रोलने त्यावर ड्रम बसवले. तो शांत कडवं आणि फुटणारं ध्रुपद हा जो सगळा परिणाम आहे तो या दीड तासातला. गाण्यावर तिघांचंही नाव आहे ते उगाच नाही. पुढे प्रोड्यूसर बुच विगने ध्रुपद थोडं आखूड करायला सांगितलं. रिहर्सलचं कच्चं रेकॉर्डिंग २००४ च्या 'विथ द लाइट्स आउट' संचात आहे, आवाज फाटलेला, शब्द अर्धवट, पण हाडं सगळी जागेवर. आणि हाच विग कुठे हात लावायचा नाही हेही जाणून होता, 'पॉली' हे गाणं १९९० मध्ये त्याच्याच स्टुडिओत आधी केलेलं होतं, ते तसंच 'नेव्हरमाइंड'वर घेतलं, पुन्हा केलंच नाही.

वाट लागते ती घासत बसल्याने. यू-टूचं 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम', १९८७ च्या 'द जोशुआ ट्री'मधलं, त्यावर एवढे आठवडे गेले की प्रोड्यूसर ब्रायन ईनोने ठरवलं टेपच पुसून टाकायची, म्हणजे सगळ्यांना नव्याने वाजवावं लागेल. एका इंजिनियरने ऐन वेळी त्याला अडवलं. मला ईनोची तळमळ समजते, पण टेप वाचली याचा आनंद आहे.

'नाऊ अँड देन'मध्ये एआयने लेननचा आवाज बनवला, मग त्याला बीटल्सचं गाणं कसं म्हणायचं? (ठाणे)

आवाज बनवलेला नाही, हे आधी स्पष्ट करू. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लेननने न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर हा डेमो कॅसेटवर केला. आवाज आणि पियानो एकाच ट्रॅकवर, वर विजेची घरघर. १९९४ ला लेननची पत्नी योको ओनोने कॅसेट मॅकार्टनीला दिली, १९९५ मध्ये बीटल्समधल्या उरलेल्या तिघांनी प्रयत्न करून सोडून दिला कारण आवाज पियानोखाली बुडत होता. पुढे पीटर जॅक्सनच्या टीमने बीटल्सच्या माहितीपटासाठी मिसळलेले आवाज सुटे करणारी पद्धत तयार केली, तिने लेननचा खराच आवाज पियानोतून सोडवला, त्याला हॅरिसनची १९९५ ची गिटार जोडली, बाकीचं नव्याने वाजवलं, आणि नोव्हेंबर २०२३ ला गाणं आलं.

माझी तक्रार वेगळी आहे. डेमोत मध्ये एक भाग होता, अडखळत वर जाणारा, तुला गमवायचं नाहीये अशा अर्थाचा, तो पक्क्या गाण्यातून काढलाय. गाणं त्यामुळे सुटसुटीत झालं हे मान्य, पण ज्याने लिहिलं तो हो किंवा नाही म्हणायला नव्हता, आणि अशा वेळी तरी तो भाग ठेवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत कुठल्या मोठ्या रॉक बँडचं रेकॉर्डिंग झालंय का? (गिरगाव)

झालंय. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसनने फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांबरोबर 'द इनर लाइट'चं वादन रेकॉर्ड केलं, लंडनला जाऊन त्यावर गायला, आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. आणि १९७२ ला लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत येऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' इथल्या वादकांबरोबर करून गेले. इथे उलटा प्रवास आहे, गाणी आधीच छापून आलेली होती आणि नंतर त्यांचा खर्डा पुन्हा उघडला. ती टेप २०१५ मध्ये त्यांच्या 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आली. त्या आधी १९९४ ला दोघांनी हीच दोन गाणी पुन्हा केली, इजिप्तच्या वादकांना बरोबर घेऊन.

आमचा चौघांचा बँड आहे. फोनवर केलेला डेमो ऐकून सगळे म्हणतात भारी, स्टुडिओत पैसे घालून केलं तर सगळं स्वच्छ पण जीव गेलेला. काय चुकतंय? (नाशिक)

यातला अर्धा भाग तुमच्या कानांचा आहे. एकच डेमो महिनाभर ऐकला की तोच बरोबर वाटायला लागतो, त्यातल्या चुकाही. म्हणून आधी आठवडाभर दोन्ही बंद ठेवा, मग दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणून ऐका, कारण जे मोठ्याने वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं.

तरी डेमोच आवडला तर लय मोजा. फोनवर मेट्रोनोमचं ॲप लावून डेमोचं कडवं आणि ध्रुपद वेगवेगळं मोजा, माझा अंदाज आहे की ध्रुपदात तुम्ही थोडे पळताय, आणि स्टुडिओत क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमवर, वाजवताना ते पळणं गेलं, त्याबरोबर जोशही गेला. मग एकतर क्लिकच ध्रुपदात दोन-तीन बीपीएमने, म्हणजे मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी, वाढवून घ्या, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जमतं, नाहीतर क्लिक बंद करून चौघं एकदम वाजवा. ड्रमरने क्लिकवर सराव केलेला नसेल तर बंदच करा.

दुसरं पट्टी बघा. घरी रात्री हळू आवाजात गायलेली चाल स्टुडिओत उभं राहून जोरात गाताना गळ्याला वेगळी लागते, गायकाला एक सूर वर किंवा खाली हवा असेल तर आत्ताच ठरवा, गिटारवाल्यांनी कॅपो, म्हणजे पट्टी बदलायचा चिमटा, लावावा नाहीतर बोटं बदलावीत, त्यावरून भांडू नका.

तिसरं, डेमोतला एखादा तुकडा फारच जमला असेल, एखादी ओळ, एखादी हाक, तर तो तसाच पक्क्या गाण्यात घ्या, फोनचा आवाज असला तरी. त्यासाठी मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, त्यात ती दाबली जाऊ शकते, फोनमधून थेट कॉम्प्युटरवर घ्या. आणि पुढच्या वेळी स्टुडिओचे तास बुक करण्याआधी जॅम रूममध्ये डेमो लावून एकदा ठरवा की यातलं काय सोडायचं, कागदावर लिहा, आणि इंजिनियरला डेमो आणि तो कागद दोन्ही आदल्या दिवशी पाठवा.